दिवंगतांना दोन शब्द बोलायचे आहेत

सप्टेंबर होता आणि मी बरण्यांची झाकणं आणायला बाहेर पडले होते. एवढंच काम होतं. बाबा अंगणात शेगडीपुढे बसून लाल ढोबळ्या मिरच्या भाजत होते; त्या दिवसांत आमच्या ओरेहोव दोलमध्ये कुठल्याही गल्लीत शिरलं तरी करपलेल्या सालीचा गोडसर वास नाकात बसतो. मी फाटकाशी पोचले तेव्हा मागून म्हणाले, "नेदा, मागच्यासारखी स्वस्तातली आणू नकोस. गंजतात." हे मी मुद्दाम सांगतेय. माणूस जिवंत होता, ऐंशी ओलांडूनही ताठ बसत होता आणि झाकणांवरून कुरकुर करत होता. पुढचं ऐकताना हे विसरू नका, कारण बाकी सगळे विसरलेत.

कोपऱ्यावरच्या खांबापाशी मी थांबले. तिथे सगळेच थांबतात. कुणी गेलं की त्याचा काळ्या चौकटीतला फोटो खांबावर, फाटकावर, बसथांब्यावर लागतो; चाळिसाव्या दिवशी नवा कागद, वर्षाला पुन्हा नवा. सकाळी पाव आणायला जाताना गावातून कोण कमी झालं ते बघायचं, छातीवर क्रूसाची खूण करायची आणि पुढे जायचं. त्या दिवशी खांबावर बाबा होते.

लष्करातला फोटो. टोपी जरा तिरकी, ओठांच्या कोपऱ्यात हसू. खाली नाव मात्र दुसऱ्याचं, स्पास कुंचेव. आणि त्याखाली बारीक अक्षरांत, की रविवारी सकाळी वाचनगृहाच्या हॉलमध्ये 'दिवंगतांना दोन शब्द बोलायचे आहेत' हा जुना विनोदी चित्रपट नव्याने स्वच्छ केलेल्या प्रतीवरून दाखवला जाईल; सौम्य सामाजिक उपहासाचा विसरलेला नमुना; प्रवेश मोफत; दिग्दर्शक स्वतः उपस्थित राहतील.

मी तो कागद नखांनी खरवडून काढला. गोंद ओला होता. पुढच्या खांबावर तोच कागद, चर्चच्या भिंतीवर तोच. आमची शेजारीण स्तोयना बसथांब्यावर त्याच्यासमोर उभी राहून डोळे पुसत होती.

"अगं नेदा, काल संध्याकाळी तर त्यांनी मला मिरच्या दिल्या."

"आजही देतील. जाहिरात आहे ही. घरी जा."

ती गेली, पण जाताना दोनदा मागे वळून फोटोकडे बघितलं. माझ्याकडे नाही, फोटोकडे. तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं.

या चित्रपटाची गोष्ट तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. नगरपालिकेतला एक कारकून चुकीच्या ओळीवर रेघ मारतो आणि पिंपं बनवणारा स्पास कुंचेव कागदोपत्री मरतो. मग तो बिचारा या टेबलावरून त्या टेबलावर. सगळे त्याला खुर्ची देतात, पाणी देतात, त्याच्या निधनाबद्दल त्याचंच सांत्वन करतात, पण जिवंत म्हणून कुणी धरत नाही. शेवटी स्वतःच्याच शोकसभेत तो हात वर करतो, तर अध्यक्ष म्हणतात, वक्त्यांच्या यादीत दिवंगतांचं नाव नाही. खोटं कशाला बोलू, तो प्रसंग बरा आहे. कुठल्यातरी वरच्या साहेबाला त्या अध्यक्षांत स्वतःचा चेहरा दिसला आणि काही आठवड्यांतच फिल्म तळघरात गेली. तिथेच सडली असती तर मी त्या साहेबाच्या नावाने मेणबत्ती लावली असती.

आमच्याच गावात शूटिंग झालं होतं ते. निधनाच्या कागदावर फोटो हवा होता आणि मुख्य नट स्वतःचा देईना. राजधानीतला माणूस, पक्षाचं कार्ड खिशात, देवाधर्माची टिंगल करणारा. पण काळ्या चौकटीत चेहरा म्हटल्यावर पाय मागे. आमच्या देशात कुठलाच नट देणार नाही. तेव्हा सहायक दिग्दर्शक गावात चेहरा शोधत फिरू लागला. दुरून दिसणार, कुणाला काय कळतंय. बाबा तेव्हा बस डेपोत मेकॅनिक होते, तरुण, जरा जास्तच हसरे. म्हणाले, "माझा घ्या, मला काय होतंय." बदल्यात घरच्या दारूची बाटली मिळाली, आणि गर्दीत उभं राहायचं काम.

त्यांच्या आईचा कुणी विचारच केला नाही. ताना आजी वरच्या डोंगरातल्या वस्तीवर राहायची आणि शनिवारी दुपारच्या बसने अंडी घेऊन खाली यायची. तिला अक्षर कळत नव्हतं. गावात ज्याला ज्याला वाचता येत होतं त्या प्रत्येकाने नाव वाचलं, स्पास कुंचेव, आणि हसून पुढे गेला. आजीला फक्त फोटो वाचता येत होता.

कॅमेरा पावाच्या गाडीत लपवला होता, खऱ्या लोकांचे खरे चेहरे टिपायला. आजी बसमधून उतरली. खांबाशी थांबली. टोपली खाली ठेवली, एक बोट त्या फोटोच्या गालावर ठेवलं आणि हळूच खाली ओढलं. क्रूसाची खूण केली. मग खांबाला पाठ टेकून खाली बसली. तेवढ्यात ठरल्याप्रमाणे नट टोपी घालून आला, स्वतःच्या निधनाच्या कागदाला टोपी काढून नमस्कार केला आणि आजीला वळसा घालून निघून गेला. तिथे लोक हसतात. मागे अकॉर्डियन वाजतं. आजी पुन्हा उठलीच नाही, आणि हे पावाच्या गाडीत कुणाला समजलंसुद्धा नाही. सहायक म्हणे खूश होऊन विचारत होता, ही म्हातारी कुणी शोधून आणली, काय नैसर्गिक काम करते. बाबा त्याच गाडीच्या मागे उभं राहून बन खात होते.

मी तेव्हा लहान होते. पण त्यानंतर बाबांना मोठ्याने हसताना मी पाहिलेलं नाही.

तर फाडलेले कागद हातात घेऊन मी तशीच वाचनगृहात गेले. स्टेजवर राजधानीतून आलेली एक मुलगी लॅपटॉप घेऊन बसली होती, योआना नावाची. जुने चित्रपट स्वच्छ करायचं काम करते. खाली पहिल्या रांगेत गळ्याला मफलर गुंडाळून दिग्दर्शक हरिझानोव. आता म्हातारे झालेत, काठी लागते.

"हे कुणी लावलं?" मी विचारलं.

"आवडलं ना, काकू?" योआना म्हणाली. "माझीच कल्पना. मूळ फिल्ममधला कागद जसाच्या तसा."

"हे माझे वडील आहेत. घरी मिरच्या भाजतायत."

तिचा चेहरा उजळला. "अय्या, हयात आहेत? मग रविवारी त्यांनाच स्टेजवर बोलावू या ना. लोक वेडे होतील."

मी तिच्याशी बोलायचं सोडून हरिझानोवांकडे वळले. "तुम्हाला आठवतं ना, बसथांब्यावर काय झालं ते? तेवढं दृश्य काढा. बाकी तुमचा चित्रपट घेऊन खुशाल जगभर फिरा."

"बाई, ते दृश्य म्हणजे चित्रपटाचा प्राण आहे."

"तिथे माझी आजी मेलीय."

"तिला हृदयाचा त्रास होता. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं होतं." ते काठीच्या मुठीकडे बघत म्हणाले. "आम्ही तिला हसलो नाही. आम्ही व्यवस्थेला हसलो. हळुवारपणे."

हळुवारपणे. हा एक शब्द मला आजही सहन होत नाही. यांचा उपहास सौम्य, यांचा विनोद हळुवार, यांच्या बाकीच्या फिल्म्सना परदेशात बक्षिसं. आणि एक बाई पोरगा मेला असं समजून रस्त्यावर जीव सोडते, ते मात्र यांच्या लेखी नैसर्गिक काम. कुणाला ओरखडाही उठला नाही म्हणे. यांच्यापैकी कुणाला नाही उठला, एवढंच खरं.

मी निघाले तशी योआना मागे आली. आवाज खाली आणून म्हणाली, "काकू, खरं सांगू? त्याच दृश्याने मला सगळ्यात जास्त रडवलं. एक-एक चित्र वेगळं काढून साफ करावं लागतं. आणि त्या आजींचं बोट..."

"काय बोटाचं?"

"काही नाही. संध्याकाळी ते फोटोच्या गालावर असताना मी काम थांबवून जायचे, सकाळी बघावं तर कपाळावर असायचं. माझीच नजर दमली असेल."

ती ओशाळून हसली. मी हसले नाही.

घरी आले तर शेगडी विझली होती आणि बाबा हात मांडीवर ठेवून नुसते बसले होते. मी कागद पाठीमागे लपवले, पण ते म्हणाले, "राहू दे. मला माहितीये." मग म्हणाले, "दुपारची बस येऊन गेली आत्ताच."

वरच्या वस्तीवर आता माणूस राहत नाही. दुपारची बस बंद होऊन जमाना झाला.

"बाबा, ट्रक असेल."

"मी त्या बसेस दुरुस्त केल्यात, नेदा. दार उघडताना कशी धाप टाकते ते मला कळतं. उन्हाळ्यापासून रोज येतेय. आधी नुसतं दार वाजायचं. मग पावलं कोपऱ्यापर्यंत येऊ लागली. काल फाटकाशी मेणाचा वास होता..." त्यांनी ओठ पुसले. "त्यांनी ती फिल्म धुवायला काढली ना, तेव्हापासून. ती बिचारी निजली होती. हे तिला पुन्हा पुन्हा उभी करून तो कागद दाखवतायत."

"येते तर येऊ दे. तुम्ही सांगा तिला, मी जिवंत आहे म्हणून."

"सांगेन. पण त्या फिल्ममध्ये कुणी ऐकतं का?" मग माझा हात धरला. "ती माझ्यासाठी रडायला येतेय गं. राहून गेलं होतं तिचं. आणि आईने रीतसर रडून घेतलं की मग माणूस उरत नाही. रविवारी एवढी माणसं एकदम बघणार. तिला तो कागद दिसू देऊ नकोस."

मी शब्द दिला. काय करणार होते ते मला तेव्हा माहीत नव्हतं, पण शब्द दिला.

रविवारी लख्ख ऊन होतं. हॉलमध्ये मात्र जाड मखमली पडदे ओढून गच्च काळोख केला होता आणि धुळीचा, जुन्या लाकडाचा, लोकांच्या कोटांतल्या कापराच्या गोळ्यांचा वास दाटला होता. सगळा गाव आला होता. मी पहिल्या रांगेत, अंगात पांढरा ब्लाउज. माझ्या डाव्या हाताला हरिझानोव.

चित्रपट सुरू झाला. लोक हसत होते. पाण्याचा ग्लास आला की हसत, सांत्वन केलं की हसत. माझ्या मागे कुणीतरी म्हणालं, "ते बघ, आपलं जुनं पोस्ट." एरवी मलाही गंमत वाटली असती. मी रुमालाचं टोक पिळत बसले होते आणि अकॉर्डियनची वाट बघत होते.

ते वाजलं. पडद्यावर बसथांबा आला, खांब आला, आणि धापा टाकत एक बस थांबली.

मी उठले, स्टेजच्या पायऱ्या चढले आणि पडद्यासमोर, बरोब्बर खांब होता तिथे, लोकांकडे तोंड करून उभी राहिले. प्रोजेक्टरचा झोत डोळ्यांत घुसला. खांब माझ्या अंगावर पडला आणि तो कागद, काळ्या चौकटीसकट, माझ्या पांढऱ्या ब्लाउजवर. लोकांना तोही कार्यक्रमाचाच भाग वाटला. टाळ्या पडल्या. योआना मागून दबक्या आवाजात म्हणाली, "काकू, खाली या ना..."

मी हलले नाही. पडदा माझ्या पाठीमागे होता, त्यामुळे तिथे काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. मला दिसत होते ते लोकांचे चेहरे. हसरे, चमकणारे, दातांचे. टोपली खाली ठेवल्याचा आवाज आला. बाहेरून नाही, लाउडस्पीकरमधूनही नाही. माझ्या टाचेशी, स्टेजच्या फळीवर.

मग अकॉर्डियन थांबलं. ते तिथे थांबत नाही.

आणि माझ्या गालावर एक बोट टेकलं. खरखरीत, गार, मेणाचा वास असलेलं. ते हळूच खाली ओढलं गेलं, हनुवटीपर्यंत... मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, मी आडवी आलेय, तिला फोटो दिसणार नाही. मला काय ठाऊक, माझा चेहरा बाबांवर गेलाय.

हॉलमध्ये हसू ओसरत गेलं. आधी पहिल्या रांगा, मग मागच्या. मी डोळे उघडले तेव्हा एकही माणूस माझ्याकडे बघत नव्हता. सगळ्यांच्या माना वळत होत्या, हळूहळू, एकाच वेगाने. स्टेजच्या पायऱ्यांकडे, तिथून मधल्या वाटेने मागे, मागे, दाराकडे. शेवटच्या रांगेतल्या एका बाईने पाय आत घेतले, कुणाला तरी वाट द्यायला घेतो तसे. दाराचा पडदा बाजूला झाला. उन्हाची एक पट्टी आत आली आणि गेली.

"हे मी घेतलं नव्हतं," हरिझानोव म्हणत होते. "ती उठली नव्हती... मी हे घेतलेलंच नाही."

मी धावत सुटले.

वाचनगृहापासून आमचं घर उतारावर, कारंज्याच्या पलीकडे. भर उन्हातला रिकामा रस्ता, कारण सगळा गाव मागे हॉलमध्ये होता. माझ्या पुढे कुणीही नव्हतं. पण कारंज्यापाशी चिमणी उडाली, वळणावर कुत्रं भिंतीला चिकटून उभं होतं, आणि आमचं फाटक नुकतंच कुणीतरी ढकलल्यासारखं झुलत होतं.

अंगणातली बादली पालथी होती. स्वयंपाकघरात किटली पालथी, फुलदाणी पालथी, मिरच्यांच्या बरण्या उघडून सगळं पाणी फरशीवर सांडलेलं. बाबांचा दातांचा ग्लाससुद्धा रिकामा, कवळी कोरडी पडलेली. आमच्याकडे घरात मरण आलं की पहिलं हेच करतात, घरातलं सगळं पाणी ओततात आणि आरसे झाकतात. आरशावर काळी शाल टाकलेली होती. तशी शाल आमच्या घरात नव्हती.

बाबा त्यांच्या वेताच्या खुर्चीत बसले होते. लग्नाचा कोट अंगात, केस पाण्याने चापून बसवलेले, लहान मुलाचे बसवतात तसे. हात छातीवर जुळवून ठेवलेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आली होती," ते म्हणाले. "मी सांगितलं तिला. आई, मी आहे, हा बघ, बोलतोय. तिने चेहरा चाचपला. हात हातात घेतले."

"मग?"

"म्हणाली, फोटो लागलाय बाळा. आता हट्ट नको करूस." त्यांनी चापून बसवलेल्या केसांवरून हात फिरवला. "सगळं ऐकून घेतलं, आणि मग रडायला बसली. किती रडली गं..."

मी त्यांच्या पायाशी बसून त्यांना मिठी मारली. तेवढ्यात माणसं येऊ लागली. योआना, स्तोयना, कुणीतरी डॉक्टरांना आणलं. डॉक्टरांनी मनगट धरलं, डोळ्यांत बॅटरी मारली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नेदा, तासभर झाला असेल. झोपेतच गेले. त्रास झाला नाही."

बाबा माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "डॉक्टर, ते तुमच्याकडे बघतायत." डॉक्टरांनी मान हलवली, खिशातून पेन काढलं आणि कागद लिहिला. बाबांनी हात वर केला, काहीतरी बोलायचं होतं त्यांना. कुणी वर बघितलं नाही.

मग जे व्हायचं ते झालं. एक पेटी आली, ती जड झाली, आणि ती उचलून टेकडीवर नेली. तिच्यात त्यांनी काय घातलं ते मला माहीत नाही. मी गेले नाही म्हणून गाव नावं ठेवतो. मी कशी जाणार? बाबा घरी होते. संध्याकाळी त्यांनी डाळीचं सूप मागितलं.

खांबांवर पुन्हा कागद लागले, या वेळी खऱ्या नावाचे. मी ते काढते, ते पुन्हा लावतात. निवृत्तिवेतन बंद झालं. मी कार्यालयात गेले तर समोरची मुलगी फार गोड बोलली, खुर्ची दिली, पाणी दिलं, म्हणाली, तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. मी तो ग्लास तिच्या टेबलावर उलटा केला.

मध्यंतरी योआनाचा फोन आला. रडत होती. सगळ्या प्रतींतून आजी नाहीशी झालीय म्हणे. बस येते, दार उघडतं, खांबाशी नुसती अंड्यांची टोपली दिसते, आणि नट टोपी काढून तिला वळसा घालतो. हरिझानोव म्हणतात, मी काहीतरी करून फिल्म खराब केली, नुकसानभरपाई द्या. मी म्हटलं, त्यांना सांग, हळुवारपणे मागा.

लोक म्हणतात मी दुःखाने भ्रमिष्ट झालेय. बोलतात तेही किती प्रेमाने. यांना कागद दाखवा, फोटो दाखवा, पडद्यावरची सावली दाखवा, लगेच मान डोलावतील. आणि समोर बसलेला माणूस यांना दिसत नाही. बाबांचे हात गार असतात, मान्य. थंडी पडलीय, माझेही असतात. रोज झोपताना ते मला एकच विचारतात, "नेदा, तू तरी मानतेस ना?" मी म्हणते, मानते. न मानून सांगता कुणाला?

परवा चाळिसावा होता, म्हणजे गावाच्या हिशेबाने. स्तोयना गेलेल्या माणसाच्या नावाने वाटतात ते शिजवलेले गोड गहू घेऊन आली. स्वयंपाकघरात टेबलावर दोन ताटं बघून तिने ते भांडं खाली ठेवलं.

"किती दिवस वाढणार आहेस गं? सोड त्यांना. जाऊ दे."

"समोर बसलेत. त्यांनाच सांग ना."

तिने उसासा टाकला. बाई वाईट नाही, मनाने चांगली आहे; तेच तर डोक्यात जातं. "थांब, मी बसते तुझ्याजवळ," म्हणून ती टेबलाला वळसा घालून त्यांच्या खुर्चीकडे गेली. बाबा बायकांसाठी नेहमीच खुर्ची सोडतात. ते उठले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

स्तोयना बसली, आणि लगेच उठली. हात मागे नेऊन वेताच्या बैठकीवर ठेवला. उचलला. पुन्हा ठेवला.

"गरम आहे..." ती म्हणाली, अगदी हळू.

"असणारच," मी म्हटलं.

ती गेली ती डोक्याचा रुमाल विसरूनच. आता गल्लीत सगळ्यांना सांगत फिरतेय, की दुपारचं ऊन नेमकं त्या खुर्चीवर येतं, म्हणून वेत तापला होता. सगळ्यांना ते लगेच पटलंय. आमच्या स्वयंपाकघराला त्या बाजूला खिडकी नाही.